विलापिका आणि दलदल : प्रेअरीतील पाणथळींविषयीच्या दोन पुस्तकांचा विचार

प्रास्ताविक

प्रेअरी म्हणजे क्षितिजापर्यंत पसरलेले गवत, ही प्रतिमा शालेय भूगोलाने मराठी वाचकाच्या मनात पक्की रुजविली आहे. या प्रतिमेत पाणी नाही. प्रत्यक्षात उत्तर अमेरिकेच्या प्रेअरीचा मोठा पट्टा, म्हणजे आयोवा व मिनेसोटापासून दोन्ही डकोटांमधून कॅनडातील मॅनिटोबा, सस्कॅचवान व अल्बर्टापर्यंतचा प्रदेश, लाखो लहानमोठ्या खळग्यांनी भरलेला आहे. सुमारे दहा ते बारा हजार वर्षांपूर्वी हिमनद्या मागे हटल्या, तेव्हा त्यांनी टाकलेल्या मातीत व वितळत गेलेल्या बर्फाच्या जागी हे खळगे तयार झाले. त्यांत बर्फाचे व पावसाचे पाणी साठते, पाणकणीस आणि लव्हाळा वाढतो, आणि वसंत ऋतूत त्या खंडातील बदकांचा फार मोठा हिस्सा तेथे विणीसाठी उतरतो. गवत आणि पाणी यांची ही वीण उलगडली की प्रेअरीतील बहुतेक वन्यजीवनच उसवते.

ती उसवली गेली हा इतिहास सर्वज्ञात आहे. १८४९ व १८५० च्या कायद्यांनी अमेरिकेच्या संघशासनाने दलदलीच्या जमिनी राज्यांकडे सोपविल्या, त्या निचरा करून लागवडीखाली आणाव्यात या उघड हेतूने. पुढे चर खणले गेले, शेतांखाली भाजक्या मातीचे निचरा-नळ घातले गेले. १७८० ते १९८० या दोन शतकांत अमेरिकेच्या सलग अठ्ठेचाळीस राज्यांतील निम्म्याहून अधिक पाणथळ क्षेत्र नाहीसे झाले. आयोवात हे प्रमाण ८९ टक्के व इलिनॉयमध्ये ८५ टक्के आहे. पाणथळीविषयीचे इंग्रजी ललित लेखन या नाशाच्या सावलीत वाढले. त्यामुळे त्याचा स्वाभाविक सूर शोकाचा झाला. हा सूर संरक्षणाच्या प्रत्यक्ष कार्याला कितपत उपकारक ठरला आणि कोठे अपुरा पडला, याचा विचार आल्डो लिओपोल्ड यांचे ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ (१९४९) व पॉल एरिंग्टन यांचे ‘ऑफ मेन अँड मार्शेस’ (१९५७) या दोन पुस्तकांच्या आधारे प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. पहिले पुस्तक जगभर वाचले जाते. दुसरे पाणथळींच्या अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर क्वचितच उघडले जाते. ही विषमता केवळ वाङ्मयीन गुणांवरून ठरलेली आहे काय, हाही प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

क्रौंचाचे शोकगीत

‘मार्शलँड एलिजी’ हा लिओपोल्ड यांचा निबंध प्रथम १९३७ मध्ये एका वनविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला व नंतर ‘अल्मनॅक’च्या दुसऱ्या भागाच्या आरंभी घेतला गेला. त्यातील दलदल विस्कॉन्सिनच्या मध्यभागातील, म्हणजे प्रेअरी आणि अरण्य यांच्या सीमेवरची आहे. शीर्षकातील ‘एलिजी’ या शब्दाला मराठी समीक्षेत ‘विलापिका’ हा प्रतिशब्द रूढ आहे, आणि लिओपोल्ड यांनी तो सैलपणे वापरलेला नाही. निबंधाची सारी रचना विलापिकेच्या नियमांनी बांधलेली आहे. पहाटेच्या धुक्यात दलदल प्रथम दिसते. क्रौंच दिसण्यापूर्वी त्यांचा आवाज ऐकू येतो. मग निवेदन एकदम भूस्तरीय काळात उतरते आणि आजचा पक्षी एका अतिप्राचीन वंशाचा प्रतिनिधी म्हणून उभा राहतो. त्यानंतर माणूस येतो. प्रथम गवत कापणारा शेतकरी, ज्याचे आणि क्रौंचाचे काही काळ जमते; नंतर चर खणणारा, ज्याच्या पिकांना धुके व हिमदव मारून टाकते; नंतर कोरड्या पडलेल्या पीटच्या, म्हणजे हजारो वर्षे साचलेल्या वनस्पतींच्या थराच्या, आगी; आणि अखेरीस पुन्हा पाणी सोडण्यासाठी आलेली सरकारी यंत्रणा, जी पाण्याबरोबर रस्तेही आणते. शेवट क्रौंच कायमचे निघून जातील त्या दिवसाच्या कल्पनेत होतो.

या रचनेचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात दलदल ही रोगट, निरुपयोगी जागा मानली जात होती. (मराठीतही ‘दलदल’ हा शब्द राजकीय भाषणांत कशासाठी वापरला जातो हे सांगावयास नको.) अशा जागेला लिओपोल्ड यांनी काळाची खोली दिली. शोक ज्याचा करावयाचा ते मौल्यवान असले पाहिजे, हे वाचकाला तर्काने पटविण्याऐवजी त्यांनी शोकच आधी निर्माण केला. विलापिका हा प्रकार त्यांनी वकिलीसाठी राबविला, आणि ती वकिली यशस्वी झाली. रस्ता नसलेली दलदल नव्या संरक्षकाला तितकीच निरर्थक वाटते, जितकी निचरा न केलेली दलदल जुन्या वसाहतकाराला वाटत होती, हे त्यांचे निरीक्षणही अचूक आहे. निसर्गरक्षणाच्या नावाने होणाऱ्या बांधकामावर इतकी नेमकी टीका त्या काळात थोड्यांनीच केली असेल.

परंतु विलापिकेला मृत्यू लागतो. जो अजून मेलेला नाही त्याचा मृत्यू तिला गृहीत धरावा लागतो. येथे निबंधाची अडचण सुरू होते. १९३० च्या दशकात विस्कॉन्सिनमध्ये सँडहिल क्रौंचांच्या विणीच्या अवघ्या पंचवीसेक जोड्या उरल्या असाव्यात, असा तत्कालीन अंदाज होता. हा आकडा डोळ्यांपुढे असताना शेवटच्या क्रौंचाचे चित्र रंगविणे अतिशयोक्त नव्हते. तथापि क्रौंच गेले नाहीत. १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांविषयीच्या कायद्याने शिकार थांबली होती, काही दलदलींत पाणी परतले, आणि पुढील अर्धशतकात या पक्ष्याने कापणीनंतर शेतात उरणारा मका खाण्यास आरंभ केला. पूर्वेकडील सँडहिल क्रौंचांची संख्या आज हजारांच्या घरात नव्हे, तर लाखाच्या आसपास मोजली जाते. केंटकीत २०११ पासून व टेनेसीत २०१३ पासून त्यांच्या शिकारीचा हंगामही आहे. विस्कॉन्सिनमध्ये पेरलेल्या मक्याचे अंकुर क्रौंच उपटतात, ही शेतकऱ्यांची नित्याची तक्रार झाली आहे.

भाकीत चुकले एवढ्यावरून ललित निबंध बाद ठरत नाही. महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे. लिओपोल्ड यांच्या लेखी क्रौंचाचे मूल्य त्याच्या वन्यतेत होते. तो पक्षी म्हणजे वन्यतेने धारण केलेला देह. आणि वन्यता जपण्याच्या खटाटोपातच तिचा नाश दडलेला असतो, कारण जपणूक माणसांच्या येण्याजाण्याशिवाय होत नाही, असे मत ते याच निबंधात मांडतात. म्हणजे एकीकडे दलदल वाचवा असे सांगावयाचे व दुसरीकडे वाचविणे ही गोष्टच आत्मघातकी आहे असेही म्हणावयाचे. मक्याच्या शेतात चरणारा क्रौंच या दोन विधानांच्या मधोमध येऊन उभा राहिला आहे. तो वाचला, पण निबंधात ज्या कारणासाठी तो मोलाचा होता त्या कारणाशिवाय वाचला. या पक्ष्याचे काय करावयाचे हे विलापिकेला सांगता येत नाही. तिच्या व्याकरणात जगलेल्याला जागा नाही.

‘अल्मनॅक’च्या पहिल्या भागात मात्र हाच लेखक दुसऱ्याच भाषेत बोलतो. विस्कॉन्सिन नदीकाठची एक नापीक झालेली शेती त्यांनी १९३५ मध्ये विकत घेतली होती. तेथे बारा महिन्यांच्या क्रमाने झाडे लावणारा, कुऱ्हाड चालविणारा, कोणते झाड ठेवावे व कोणते पाडावे यावर स्वतःशीच वाद घालणारा माणूस दिसतो. जमिनीवर केलेला प्रत्येक घाव म्हणजे तीवर केलेली आपली सही आहे, याची नम्र जाणीव तेथे आहे. हाताचा स्पर्श होताच वन्यता संपते, असे या माणसाला वाटत नसावे. ‘मार्शलँड एलिजी’चे खरे उत्तर ‘अल्मनॅक’मध्येच आहे, फक्त ते कोरड्या जमिनीविषयी दिलेले आहे. पाण्याविषयी ते द्यावयाचे राहून गेले. २१ एप्रिल १९४८ रोजी शेजारच्या शेतातील गवताला लागलेली आग विझविताना लिओपोल्ड यांना मृत्यू आला. पुस्तक त्यानंतर प्रसिद्ध झाले.

क्लँडबॉयचे भाकीत

दुसऱ्या भागातच ‘क्लँडबॉय’ नावाचा एक छोटा निबंध आहे. तो मॅनिटोबा सरोवराच्या दक्षिण काठावरील विस्तीर्ण डेल्टा दलदलीच्या एका उपसागराविषयी आहे. लिओपोल्ड यांचे शिष्य अल्बर्ट हॉखबॉम हे तेथे बदकांविषयीच्या संशोधनकेंद्राचे काम पाहत असत. खऱ्या अर्थाने प्रेअरीतील पाणथळ म्हणावी अशी ही जागा. येथे नायक क्रौंच नसून वेस्टर्न ग्रीब हा आपल्याकडील टिबुकलीच्या कुळातला, पण लांब मानेचा मोठा पक्षी आहे. सूर ‘मार्शलँड एलिजी’पेक्षा हलका आहे, थोडा खेळकरही, तरी शेवट पुन्हा तेथेच येतो. प्रेअरीतील दलदली उत्तरेकडे आकसत चालल्या आहेत, आणि एक दिवस हीदेखील बांध घालून, पाणी उपसून गव्हाखाली विसरली जाईल, असे भाकीत तो करतो.

डेल्टाची दलदल गव्हाखाली गेली नाही. ती आजही आहे. पण तिचे जे झाले ते या भाकितापेक्षा अधिक विचार करावयास लावणारे आहे. १९६१ मध्ये मॅनिटोबा सरोवरातून बाहेर पडणाऱ्या फेअरफोर्ड नदीवर नियंत्रक बांधला गेला आणि सरोवराची पातळी अरुंद मर्यादेत स्थिर ठेवली जाऊ लागली. पाणी काढून घेतले गेले नाही. उलट ते कायमचे दिले गेले. पूर्वी काही वर्षे दलदल उघडी पडे, काही वर्षे बुडे. हे चढउतार थांबताच पाणकणसाच्या संकरित जातीने काठ व्यापले, मोकळ्या पाण्याची व लव्हाळ्याची सरमिसळ मोडली, आणि बाहेरून आलेल्या कार्प माशाने चिखल ढवळून पाण्याखालच्या वनस्पती उखडल्या. बदके घटली. २०१३ च्या सुमारास मोठ्या कार्पांना वसंतात दलदलीत शिरू न देणारे जाळीदार अडसर बसविण्यात आले, आणि तेव्हापासून तेथील पाण्याची पारदर्शकता व वनस्पती परत मिळविण्याचे प्रयत्न चालू आहेत.

लिओपोल्ड यांना शत्रू दिसत होता तो उपसा करणारा पंप. प्रत्यक्षात दलदल खंगली ती स्थैर्याने. हे त्यांना आधी कळावयास हवे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र विलापिकेची दृष्टी याबाबतीत आंधळी का राहते, हे सांगता येते. विलापिकेतील दलदल चिरंतन असते. बदल म्हणजे तिच्यावर बाहेरून आलेला आघात. युगानुयुगे तीच ती पहाट, तेच धुके, तोच आवाज, हे ज्या वर्णनाचे बळ आहे त्यात दलदल दर काही वर्षांनी स्वतःहून मरते आणि पुन्हा जन्मते ही गोष्ट बसत नाही. पाणी स्थिर राखणाऱ्या अभियंत्याला त्या वर्णनात स्वतःचा विरोधक दिसला नसता, कदाचित पाठिंबाच दिसला असता.

एरिंग्टन यांची कोरडी दलदल

पॉल एरिंग्टन (१९०२–१९६२) हे दक्षिण डकोटात वाढले. तरुणपणी ते फरसाठी मस्करॅट व मिंक पकडणारे फासेपारधी होते. या धंद्यातील कमाईवरच त्यांचे शिक्षण बरेचसे झाले. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे एक पाय अधू असतानाही ते दलदलीत हिंडत. विस्कॉन्सिन विद्यापीठात १९३२ साली पीएच.डी. पूर्ण करून ते आयोवात अध्यापक झाले व अखेरपर्यंत तेथेच राहिले. लिओपोल्ड यांच्याशी त्यांचा निकटचा परिचय होता, आणि ‘ऑफ मेन अँड मार्शेस’ची रेखाटने त्याच अल्बर्ट हॉखबॉम यांची आहेत. दोन्ही पुस्तके एकाच वर्तुळातून निघालेली आहेत. म्हणूनच त्यांच्यातील अंतर नजरेत भरते.

एरिंग्टन हे लिओपोल्ड यांच्या तोडीचे शैलीकार नाहीत, हे प्रथमच मान्य केलेले बरे. त्यांचे वाक्य लांब असते, मध्येच शास्त्रीय संज्ञेला अडखळते, आणि भावना व्यक्त करावयाची वेळ आली की ते संकोचतात. एका पानात वाचकाला जिंकून घेण्याची कला त्यांच्यापाशी नाही. परंतु त्यांनी दलदल पाहिली ती तीस-चाळीस वर्षे, हिवाळ्यासह, आणि पुष्कळदा ती कोरडी असताना. १९३० च्या दशकातील दुष्काळात आयोवातील खळगे आटले, तेव्हा त्यांत मस्करॅट कसे जगतात व कसे मरतात याची त्यांनी वर्षानुवर्षे नोंद केली. पाणी गेले की हा प्राणी भेगाळलेल्या तळावर भटकू लागतो, आपसांत लढतो, मिंकच्या तोंडी पडतो. हे वर्णन करताना एरिंग्टन मिंकला दोष देत नाहीत आणि मस्करॅटसाठी गळाही काढीत नाहीत. ज्यांना जागा उरलेली नाही तेच शिकाऱ्याच्या वाट्याला येतात, हा त्यांच्या संशोधनाचा गाभा होता. पुस्तकात तो सिद्धान्त म्हणून येण्याऐवजी पाहिलेल्या प्रसंगांतून येतो. मग पाणी परतते. तळातून हिरवे कोंब उठतात, मस्करॅट वाढतात, पाणकणीस कापून घरे रचतात, इतके की कधी कधी सारी दलदल खाऊन मोकळी करतात.

या पुस्तकात मृत्यू लिओपोल्ड यांच्या निबंधापेक्षा कितीतरी अधिक आहे, आणि शोक फार कमी. याचा अर्थ लेखक निर्विकार आहे असा नव्हे. दलदलींना पडीक जमीन समजणाऱ्या वृत्तीविषयी त्यांचा संताप ठिकठिकाणी दिसतो. पण तो संताप दलदलीच्या स्वतःच्या मरणजगण्यात मिसळू न देण्याची शिस्त त्यांनी पाळली आहे. दुष्काळाने आटलेला खळगा आणि चर खणून आटविलेला खळगा पाहणाऱ्याला सारखेच दिसतात; एकात बी वाट पाहत असते, दुसऱ्यात नांगर येतो. हा फरक ओळखावयास शिकविणे हे या पुस्तकाचे कार्य आहे आणि त्याचे वाङ्मयीन मूल्यही त्यातच आहे. एरिंग्टन यांचे गद्य रुक्ष वाटते त्याचे एक कारण असे की वाचक विलापिकेच्या अपेक्षेने ते उघडतो.

पुढील पिढीच्या संशोधनाने एरिंग्टन यांच्या निरीक्षणांना आकडे आणि नावे दिली. आयोवातच मिल्टन वेलर व सेसिल स्पॅचर यांनी १९६५ मध्ये दाखविले की पाणपक्ष्यांची विविधता सर्वाधिक असते ती उभी वनस्पती आणि मोकळे पाणी जवळपास निम्मे-निम्मे असताना. या अवस्थेला पुढे अर्धदलदल म्हटले जाऊ लागले. अर्नोल्ड व्हॅन डर वाल्क व क्रेग डेव्हिस यांनी १९७८ मध्ये प्रेअरीतील दलदलींच्या तळातील बीजसाठ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोरडी दलदल, पुन्हा उगवणारी, मोडत जाणारी आणि सरोवरवत् अशा अवस्थांचे चक्र फिरत असते, व कोरडेपणाशिवाय बी रुजत नाही, असे त्यातून स्पष्ट झाले. १९८० च्या दशकात तर डेल्टाच्या दलदलीतच बांध घातलेल्या दहा तुकड्यांत पाण्याच्या निरनिराळ्या पातळ्या ठेवून हे चक्र मुद्दाम फिरवून पाहण्यात आले. क्लँडबॉयच्या काठी लिओपोल्ड यांना ज्या बांधांची भीती वाटली होती, तसलेच बांध तेथे दलदल समजून घेण्यासाठी घालावे लागले.

येथे मराठी वाचकाचा अनुभव थोडा वेगळा आहे, आणि तो या विवेचनाला उपयोगी आहे. मारुती चितमपल्ली यांनी नवेगावबांधच्या परिसराविषयी जे लेखन केले त्यातील जलाशय माणसाने बांधलेला आहे. कोलू पाटील कोहळी यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. पूर्व विदर्भातील तलाव सिंचनासाठी खाली होतात, उन्हाळ्यात काठ उघडा पडतो, काही ठिकाणी त्यावर गाळपेर होते, उथळ चिखलात पक्षी चरतात. गोंदिया जिल्ह्यातील सारस क्रौंच तलाव आणि धानाची बांधी या दोहोंवर अवलंबून आहे. माणसाचा हात लागला की पाणथळ पाणथळ राहत नाही, हे गृहीत या वाचकाला मुळातच अपरिचित वाटेल. अर्थात त्यावरून आपल्याकडील तलावांची स्थिती समाधानकारक आहे असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. बेशरमाने भरलेले तलाव पाहणारा कोणी तसे म्हणणार नाही.

अधूनमधून असणारे पाणी

प्रेअरीतील राखीव क्षेत्रांवर आज जे काम चालते ते पाहिले तर एरिंग्टन यांची दलदल तेथे ओळखू येते. गवताळ भागाला ठरावीक वर्षांनी आग लावणे, वाळुंज व इतर झुडपे तोडणे, फळ्यांचे दार काढून पाणी उतरविणे आणि पुन्हा चढविणे, ही कामे नित्याची झाली आहेत. मिनेसोटाच्या वायव्य भागात नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने २००० साली सुमारे २४,००० एकरांची सलग जमीन घेतली. चर बुजविणे व गावठी गवताचे बी पेरणे हे काम वर्षानुवर्षे चालले आणि २००४ मध्ये तेथे ग्लेशियल रिज राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान स्थापन झाले. ज्या चरांची विलापिका रचली गेली ते चर भरता येतात, ही गोष्ट १९३७ च्या निबंधातही ओझरती येते. भरलेल्या चराच्या जागी परतलेले पाणी म्हणजे जुनी दलदल नव्हे, हेही तितकेच खरे. पेरलेल्या प्रेअरीत मूळ प्रेअरीइतक्या वनस्पती क्वचितच आढळतात. लिओपोल्ड यांचा काळाविषयीचा आग्रह येथे पुन्हा वजनदार होतो. पीटचा थर यंत्राने भरता येत नाही.

तथापि संरक्षणाची खरी कसोटी राखीव क्षेत्रांच्या कुंपणाबाहेर आहे. प्रेअरीतील असंख्य खळगे खासगी शेतांत आहेत, लहान आहेत, आणि उन्हाळ्यात कोरडे पडतात. वसंतात बदकांच्या जोड्यांना लागणारे अन्न अशाच उथळ, लवकर तापणाऱ्या, तात्पुरत्या पाण्यात मिळते. मोठ्या कायम सरोवरांत ते त्या वेळी मिळत नाही. १९८५ च्या शेती कायद्याने पाणथळ मोडून पीक घेणाऱ्या शेतकऱ्याचे सरकारी अनुदान रोखण्याची तरतूद केली आणि नाशाचा वेग मंदावला. मात्र जलप्रदूषणविषयक कायद्याचे छत्र या खळग्यांवरून क्रमाने काढले गेले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मधील निकालात, केवळ स्थलांतरित पक्षी उतरतात म्हणून एकाकी तळी संघशासनाच्या अखत्यारीत येत नाहीत असे ठरविले. २०२३ मधील सॅकेट खटल्याच्या निकालाने, बऱ्यापैकी कायमस्वरूपी असलेल्या जलप्रवाहाशी वा जलाशयाशी पृष्ठभागावरून सलग जोडलेल्या पाणथळीच त्या कायद्यात बसतात अशी व्याख्या केली. हिमनदीने सोडलेला खळगा स्वभावतःच कशाशी जोडलेला नसतो, आणि कायमस्वरूपी तर नसतोच.

कायद्याच्या या भाषेचा उगम ललित वाङ्मयात आहे असे म्हणणे हास्यास्पद होईल. तरी एक साम्य दुर्लक्षिता येत नाही. पाणथळ म्हणजे सदैव पाणी असलेली, दुरून ओळखू येणारी, भव्य जागा, ही प्रतिमा न्यायालयाच्या व्याख्येत आहे आणि सर्वाधिक वाचल्या गेलेल्या निबंधातही आहे. ऑगस्टमध्ये भेगाळलेल्या अर्ध्या एकराच्या खळग्यासाठी विलापिका रचली गेलेली नाही. त्याच्यात धुके दाटत नाही, क्रौंच उतरत नाहीत. त्याच्या बाजूने बोलावयाचे तर ‘ते येथे आत्ता नाही, पण आहे’ अशा अवघड वाक्यात बोलावे लागते, आणि त्या वाक्याचा सराव एरिंग्टन यांच्या रुक्ष पानांत होतो. अभ्यासक्रमांत व संकलनांत ‘मार्शलँड एलिजी’ हमखास घेतली जाते. तिच्याशेजारी ‘ऑफ मेन अँड मार्शेस’मधील दुष्काळाचे पान ठेवले गेले असते, तर पाणथळीचे रक्षण म्हणजे नक्की कशाचे रक्षण, हा प्रश्न वाचकापुढे वेगळ्या रीतीने उभा राहिला असता.

लिओपोल्ड यांनी १९३५ मध्ये घेतलेल्या शेतीपासून जवळच, बाराबू येथे, १९७३ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रौंच प्रतिष्ठानाची स्थापना झाली; जगातील क्रौंचांच्या सर्व पंधरा जाती तेथे पाहावयास मिळतात, आपल्याकडचा सारसही. दर शरद ऋतूत विस्कॉन्सिन नदीच्या वाळूच्या दांड्यांवर सँडहिल क्रौंच मोठ्या संख्येने रात्रीच्या मुक्कामाला उतरतात. लिओपोल्ड यांच्या नावाने चालणारी संस्था तेथे आडोसे उभारते आणि लोक तिकीट काढून, संध्याकाळच्या थंडीत न बोलता बसून ते दृश्य पाहतात. दिवसभर हे पक्षी आसपासच्या मक्याच्या शेतांत चरलेले असतात.